देवळापासून चोवीस मीटर

रविवार, १२ जानेवारी १९९२

१. सकाळी सात वाजून बावन्न मिनिटांनी, खंडाळ्याचा घाट उतरताना, शिंगरोबाच्या देवळाखालच्या डाव्या वळणावर भरत सायकलवरून पडला.

२. रस्ता कोरडा होता. वारा नव्हता. समोरून वाहन येत नव्हते.

३. वेग अंदाजे ताशी बावन्न किलोमीटर. वळणात शिरताना तो चौतीसवर यायला हवा होता. आला नाही.

४. त्याच्या मागे तीस मीटरवर दत्ता होता. तो वाचला. परेशभाईंची जीप एका ट्रकमागे अडकली होती. मी जीपमध्ये होते. पडताना मी पाहिले नाही.

५. भरत रस्ता ओलांडून दरीच्या बाजूच्या कठड्यापर्यंत घसरत गेला आणि तिथे थांबला. त्या जागेपासून सहा मीटर पुढे कठडा तुटलेला आहे.

६. जखमा : डाव्या कोपराला नऊ टाके, डावी मांडी सोललेली, डावे मनगट मुरगळलेले. हाड मोडलेले नाही.

७. सायकल मी जोडली होती. ब्रेक मी बसवले होते. ब्रेक कुठे लावायचा तेही मीच सांगितले होते.

आज एवढेच.

सोमवार, १३ जानेवारी

क्रमाने लिहिते, म्हणजे काही सुटणार नाही.

सोळा फेब्रुवारीला पुणे ते पनवेल सायकल शर्यत आहे. पहिल्या तिघांना एका सरकारी खात्याच्या खेळाडू भरतीच्या चाचणीला बोलावणार आहेत. भरत नेऱ्याहून पनवेलला रोज सायकलवर दूध घालतो. जूनमध्ये तो भरतीच्या वयाबाहेर जाईल. त्याच्यापुढे ही एकच शर्यत आहे.

बेत मी आखला होता. चढावर भरत साधारण आहे. उतारावर त्याच्यासारखा मी दुसरा पाहिलेला नाही. बाकीचे वळणात शिरल्यावर घाबरून ब्रेक दाबतात. तो वळणाआधी दाबतो आणि वळणात सोडून देतो. बाहेरचा पाय पेडलवर खाली रोवतो, सायकल आत कलती करतो आणि वळण संपायच्या आत पुन्हा पेडल मारू लागतो. खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत तो घोळक्याच्या पुढे पन्नास सेकंद काढू शकतो. पण खोपोली ते पनवेल रस्ता सपाट आहे आणि वारा तोंडावर येतो. एकटा माणूस तिथे पकडला जातो. दोघे असले आणि आळीपाळीने एकाने वारा अंगावर घेतला, तर पकडले जात नाहीत. म्हणून घाटात दत्ताने भरतच्या मागच्या चाकापासून अर्ध्या मीटरवर उतरायचे. भरत ब्रेक लावील तिथे त्याने विचार न करता लावायचा. काल सरावाचा पहिला दिवस होता, म्हणून तीस मीटर अंतर ठेवले होते. शर्यतीत भरत चुकला तर दोघे जातील.

प्रत्येक वळणासाठी ब्रेक लावायची एक खूण मी दिली होती : पुलाचा दगड, पिवळी पाटी, वाकडे आंब्याचे झाड. या वळणाची खूण देऊळ. ते लांबून दिसते, आणि रंगाची खूण असती तर कुणी पुसली असती, तशी भीती नाही. देवळापासून वळणाचे तोंड चोवीस मीटर. दोन्ही ब्रेक लावले तर वेग उतरायला पंधरा मीटर पुरतात. नऊ मीटर मी शिल्लक ठेवले होते. त्या नऊ मीटरचा मला अभिमान होता.

आज कामावरून आल्यावर सायकल उलटी करून पाहिली. मागच्या ब्रेकचे रबर जळल्यासारखे काळे चकचकीत. मागचा टायर एका जागी झिजून सपाट. पुढच्या ब्रेकचे रबर जसे बसवले होते तसेच. म्हणजे पुढचा ब्रेक लागलाच नाही. पुढचा ब्रेक उजव्या हातात असतो. वायर शाबूत. मूठ दाबली की रबर रीमला पकडते.

माझे वडील, अण्णा, आमच्या सायकलच्या दुकानात बाकावर बसून ऐकत होते. त्यांना मोतीबिंदू आहे. वर्षभर दुकानातल्या शर्यतीच्या सायकली मीच जोडते.

"वायर अडकली असेल, पमू."

"अडकत नाही. शंभर वेळा दाबून पाहिला."

"शंभर मोजलेस?"

मोजले होते.

गुरुवार, १६ जानेवारी

अर्धी रजा घेऊन नेऱ्याला गेले. भरत ओटीवर खाटेवर पडून होता. मी आल्यावर उठून बसायला लागला, आईने दटावले तेव्हा पुन्हा आडवा झाला.

मी विचारले, "दोन्ही ब्रेक दाबलेस?"

"दाबले."

"उजवा?"

"मॅडम, दोनी म्हंजे त्यान उजवा येतोच ना."

"पुढचं रबर कोरं आहे."

त्याने छपराकडे पाहिले. "मंग मना नाय ठावं. देऊल दिसला, मी ब्रेक दाबला, मागचा चाक बाजूला गेला. येवराच ध्यानात हाय."

तो खोटे बोलत नाही असे मला वाटते. हे मत आहे, पुरावा नाही.

त्याचे वडील काशिराम वीस वर्षे त्या घाटातून ट्रक चालवत. गुडघे गेले म्हणून दोन वर्षांपासून घरी आहेत. त्यांना वळणाचा उतार विचारला. तो त्यांना माझ्यापेक्षा बरा माहीत होता. भरत सहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या शेजारी ट्रकमध्ये बसायचा, असे म्हणाले.

आई, गुणाबाई, चहा घेऊन आली. "त्यानं देवाला हात केला व्हता म्हनून वाचला, पोरी. कठरा संपलाच व्हता पुरं."

"होय," मी म्हटले.

"आमी कंदी चुकवला नाय त्याला. ह्ये घरी बसल्यापासून मीच यष्टीतून यांच्या नावानं पैसा टाकतंय. भयनीकरं जातंय ना लोनावल्याला."

"देवाला चालतं ते?" काशिराम मला हसून म्हणाले. "मी तं घरी बिडी पीत बसलेलो."

"चालतं त्याला," गुणाबाई म्हणाली. "तुमचा हात नसंल, मना का कमी हात हायेत?"

माझा वेळ जात होता. मी विषय पुन्हा ब्रेकवर आणला. कुणाला काही सांगता आले नाही.

निघताना भरत म्हणाला, "सायकल निस्ती ठेवा. दुसऱ्या कुनाला देऊ नका."

मी म्हटले, तसा विचार नाही.

रविवार, १९ जानेवारी

परेशभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानामागे मंडळाची बैठक. ते आमच्या सायकल मंडळाचे चिटणीस. मला बोलावले होते. बायकांपैकी मी एकटी. खुर्ची दिली, चहा दिला आणि माझ्याकडे न बघता चर्चा सुरू केली.

परेशभाई म्हणाले, "आपण कुणाचं नाव घेत नाही. पण ब्रेक लागला नाही हे तर बेन स्वतःच सांगते. मग ब्रेक फेल. सीधी बात छे."

"ब्रेक लागला नाही म्हणजे फेल झाला असं होत नाही," मी म्हटले.

"मग काय झालं?"

"माहीत नाही."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणाले, "पोरीबाळींनी ब्रेक बसवायचे दिवस आले." अण्णांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

दत्ताला विचारले. दत्ता शाळेत माझ्या वर्गात होता. खोटे बोलला की तो मान खाजवतो. आज खाजवली नाही. म्हणाला, "मी मागेच होतो. नेहमीसारखा उतरत होता. वेगळं काहीच केलं नाही त्याने."

ठराव : नऊ फेब्रुवारीपर्यंत पडण्याचे कारण लेखी मिळाले नाही, तर भरतच्या जागी दुसरा स्वार. दत्ताचा जीव धोक्यात घालता येणार नाही. ठरावात चूक काढता आली नाही. मी त्यांच्या जागी असते तरी हेच लिहिले असते.

गुरुवार, २३ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत पुढचा ब्रेक कारखान्यात नेला. मी तिथे तपासणी विभागात आहे. गाड्यांच्या ब्रेकची अस्तरे तपासते. ताणकाट्यावर वीस वेळा ओढून पाहिला. गरम करून वीस वेळा. तेल लावून, पुसून, पुन्हा वीस वेळा. दोष नाही.

सुनंदा शेजारच्या टेबलावर डबा खात होती. "एवढं घरच्या माणसासाठीसुद्धा कुणी करत नाही," म्हणाली.

मी म्हटले, "ब्रेक माझा आहे."

"ब्रेकचंच बोलतेय मी."

आता दोनच शक्यता उरतात. एक, हा ब्रेक टेबलावर चालतो आणि घाटात चालत नाही. असे होत नाही. दोन, भरतने तो दाबला नाही आणि ते त्याला माहीत नाही. असे कसे होईल ते मला कळत नाही.

रविवार, २६ जानेवारी

सुट्टी. वळण पुन्हा मोजावे म्हणून सकाळच्या लोणावळ्याच्या एसटीने निघाले. पिशवीत टेप, वही. स्टॉपवॉच हातात, खोपोलीपासून एकेका खुणेला बसला किती वेळ लागतो ते टिपत होते. त्याचा काही उपयोग नव्हता, पण हात रिकामा नको होता.

देऊळ आले. ड्रायव्हरने स्टिअरिंगवरचा एक हात उचलून कपाळाला, छातीला लावला. कंडक्टरने तिकिटे फाडता फाडता लावला. पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी खिडकीतून पैसा टाकला. आणि काहीतरी थंड माझ्या कपाळाला टेकले.

ते स्टॉपवॉच होते.

हात माझा होता. उजवा. तो वर गेल्याचे मला कळले नव्हते. मी देवाधर्माचे काही करीत नाही. घरी दिवा आई लावते. पण लहानपणी मामाकडे पुण्याला जाताना या जागी आईने माझा हात धरून कपाळाला लावला असेल, आणि त्यानंतर किती वेळा तो आपोआप गेला असेल, ते मला सांगता येणार नाही.

मी उठून घंटीची दोरी ओढली. कंडक्टर म्हणाला, "ओ ताई, नारळ फोडायचाय का? पुढच्या गाडीला दोन तास आहेत."

"चालेल."

दोन तास देवळासमोर उभी राहून उतरणारी वाहने पाहिली. बावीस स्कूटर आणि मोटरसायकली. एकोणीस जणांनी हात सोडला. एकोणीसही जणांनी उजवा. तिघे तर ऐन वेगात. हात मुठीवरून निघाल्यापासून परत मुठीवर येईपर्यंत सरासरी वेळ एक पूर्णांक तीन दशांश सेकंद.

बावन्नच्या वेगाने तेवढ्या वेळात सायकल एकोणीस मीटर जाते.

चोवीसातून एकोणीस गेले, पाच राहिले. लागतात पंधरा. उजवा हात कपाळाला, डावा मागच्या ब्रेकवर. मागचे चाक एकटे आवळले की ते बाजूला जाणारच.

गुणाबाईने हे मला दहा दिवसांपूर्वी चहा देताना सांगितले होते. मी "होय" म्हणून कप घेतला होता.

आणि मी भरतला सांगितले होते : देऊळ दिसले की दोन्ही ब्रेक. सहाव्या वर्षापासून त्याचा हात देऊळ दिसले की काय करतो, हे मी विचारले नव्हते. घाटातली इतकी झाडे, दगड, पाट्या सोडून मी ती एकच जागा निवडली.

वळण मोजायचे राहिले. गरज नव्हती.

सोमवार, २७ जानेवारी

दत्ताला त्याच्या घरी जाऊन विचारले.

"हो, केला ना नमस्कार," तो म्हणाला.

"मग बैठकीत सांगितलं का नाहीस?"

"अगं, त्यात सांगायचं काय? मी पण केला. तू उद्या विचारशील श्वास घेतलास का."

"तू कधी केलास?"

"तो पडत होता तेव्हाच." दत्ता थांबला. मान खाजवू लागला. "आयला. माझा पण हात वरच होता की."

त्याच्या आईने पोहे आणले. त्याने ताटलीला हात लावला नाही.

बुधवार, २९ जानेवारी

भरत सकाळी दुकानात आला. दुधाचे कॅन आता धाकटा भाऊ आणतो, हा नुसता बसने. कोपराचे टाके निघाले आहेत. मनगट तपासले : दाबले तर दुखते, वळते पूर्ण.

मी सगळे आकडे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत राहिला. अनोळखी माणसाकडे बघावे तसे.

"म्हंजे देवानं पारला?"

"देवाने नाही. मी खूण चुकीच्या जागी दिली."

"तुमी कशाला चुकाल?"

"चुकले. आता खूण चाळीस मीटर वर घेऊ, मोडक्या किलोमीटरच्या दगडापाशी. आणि तू नमस्कार करायचा नाहीस."

तो हाताकडेच बघत म्हणाला, "बरा." त्याचे 'बरा' मला पटले नाही, पण ती तक्रार कुठल्या स्वरूपात मांडायची ते कळेना.

रविवार, २ फेब्रुवारी

सराव, दोन फेऱ्या. परेशभाई जीप चालवत होते. यावेळी आम्ही मागे राहिलो नाही, त्यामुळे सगळे दिसले.

पहिली फेरी. नमस्कार नाही. दगडापाशी दोन्ही ब्रेक, वळणात शिरताना वेग बरोबर. देवळासमोरून जाताना भरतचा उजवा दंड कोपरापासून खांद्यापर्यंत ताठ झालेला मला जीपमधून दिसला. तिथून पुढे त्याचे उतरणे संपले. पुढच्या वळणाला तीस मीटर आधीच ब्रेक. त्याच्या पुढच्याला वळणाच्या मध्येच. हे त्याने आजवर कधी केले नव्हते. दत्ता दोनदा त्याच्यावर आदळता आदळता राहिला. खोपोलीला वेळ पाहिली. पन्नास सेकंद मिळवायचे, ते सगळे गेले होते.

परेशभाई म्हणाले, "पोरगा घाबरला."

मी म्हटले, "दुसरी फेरी होऊ द्या."

वर गेल्यावर भरतला बाजूला घेऊन सांगितले, या वेळी नमस्कार कर. दगडापाशी वेग उतरव, मग एक हात सोड.

दुसरी फेरी. वेग उतरला. हात सुटला. उतारावर एका हातात हँडल वीतभर डगमगले. दत्ताचे पुढचे चाक भरतच्या मागच्या चाकाला घासले. तो आवाज जीपपर्यंत आला. दोघेही पडले नाहीत. का पडले नाहीत याचे कारण माझ्याकडे नाही.

खोपोलीला दत्ता रस्त्याकडेला उकिडवा बसला. म्हणाला, "मी लग्न ठरलेला माणूस आहे, प्रमिला. एवढं वहीत लिहून ठेव." हसत म्हणाला, पण लगेच उठला नाही.

भरत नळावर तोंड धूत होता. मी विचारले, "पहिल्या फेरीत काय झालं?"

"हात धरून ठेवला का सगला ध्यान त्या हातावर जातं. मंग रस्ता दिसत नाय."

"एका शर्यतीपुरतं आहे. देव समजून घेईल."

"देव घेल समजून," तो म्हणाला. "हात नाय घेत."

मी वहीत वेळा लिहीत होते. तो अजून तिथेच होता.

"परमिला, मी असा नाय उतरू शकत. दुसऱ्याला घ्या."

एरवी तो मॅडम म्हणतो. नोंद केली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पर्याय लिहून काढले. ब्रेकच्या मुठींची अदलाबदल केली तर? पुढचा ब्रेक एकट्या डाव्या हातात आला आणि उजवा हवेत असला तर हँडल वळेल, स्वार पुढे फेकला जाईल. बाद. देवळाच्या बऱ्याच वर, सरळ रस्त्यावर नमस्कार उरकला तर? काल भरतला विचारले. म्हणाला, "देऊल दिसायच्या आधी केलेला कोनाला जाईल?" बाद. दत्ताला मागे ठेवले तर? मग सपाटीवर एकटा, आणि बेतच बाद.

आज कारखान्यात एक अस्तर मी चुकून पास केले. सुनंदाने परत आणून दिले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

मंडळाला द्यायच्या अहवालाचे तीन मसुदे केले.

पहिल्यात सगळे लिहिले. तो वाचून कुणीही म्हणेल, ऐन उतारावर हात सोडणाऱ्या माणसामागे दत्ताला अर्ध्या मीटरवर ठेवता येणार नाही. आणि ते बरोबर आहे. भरत जाईल.

दुसऱ्यात ब्रेक निकामी झाला असे लिहिले. ते खोटे आहे. फाडला.

तिसरा दोन ओळींचा आहे. त्यात खोटे काही नाही.

पण अहवालाने वळण सुटत नाही. परवा मी अहवाल देईन, भरतला उतरायची परवानगी मिळेल, आणि सोळा तारखेला त्याचा हात एकतर वर जाईल नाहीतर ताठ होईल. हे माहीत असून अहवाल देणे बरोबर आहे का? उत्तर सापडेना, म्हणून वही पहिल्या पानापासून पुन्हा वाचली. सोळा जानेवारीची नोंद दोनदा वाचली. मग गुणाबाईचे एक वाक्य वेगळ्या कागदावर उतरवून घेतले.

रविवार, ९ फेब्रुवारी

बैठक. अहवाल वाचून दाखवला : "पडण्याचे कारण – ब्रेक लावण्याची खूण चुकीच्या जागी दिली गेली. खूण मी दिली होती. उपाय – खूण चाळीस मीटर वर घेतली आहे."

परेशभाईंनी चष्मा काढला. "बेन, हे लेखी देते?"

"लेखीच मागितलं होतं."

"दोन तारखेला तो घाबरलेला मी डोळ्यांनी पाहिला."

"नवी खूण होती. सोळा तारखेच्या आत एक सराव अजून होईल. तो नीट उतरला नाही तर तुम्ही त्याला काढा."

पंधरा मिनिटे बोलणे झाले. ठराव : भरत आणि दत्ता उतरतील. बुधवारी बारा तारखेला शेवटचा सराव. प्रमिला दीनानाथ यांनी शर्यतीच्या दिवशी मंडळाच्या जीपमध्ये बसू नये. सायकली दुसऱ्या मिस्त्रीकडून तपासून घ्याव्यात.

कोपऱ्यातला तो गृहस्थ म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं."

घरी येताना अण्णांनी माझ्या कोपराला धरले होते; संध्याकाळचे त्यांना दिसत नाही.

"खरं कारण काय, पमू?"

"तेच लिहिलंय."

"सगळं?"

"लागतं तेवढं."

लाईन आळीत पोचलो. दुकानाची फळी लावताना म्हणाले, "वीस वर्षं मी सायकली जोडल्या. माझ्या चुकीचा कागद मी कधी कुणाला दिला नाही." कौतुक होते की तक्रार, ते मी विचारले नाही.

जीपमध्ये बसायचे नाही, म्हणजे सोळा तारखेला मी कुठेही उभी राहू शकते. बैठकीत हे मला त्याच क्षणी लक्षात आले होते. चेहऱ्यावर दिसले नसावे.

सोमवार, १० फेब्रुवारी

भरतला पाठवलेल्या चिठ्ठीची नक्कल. त्याच्या भावाबरोबर, बंद पाकिटात.

भरत,

१. ब्रेकची खूण : मोडका किलोमीटरचा दगड. तिथे दोन्ही ब्रेक. नंतर दोन्ही हात हँडलवरच.

२. रविवारी मी जीपमध्ये नसेन. कारण तुला दत्ताकडून कळले असेल. त्या कारणाबद्दल कुणाशी बोलू नको, आईशीसुद्धा नाही.

३. पहिल्या एसटीने मी देवळापाशी जाईन आणि तुम्ही येण्याआधी तासभर तिथे उभी असेन. अंगावर पिवळा ड्रेस असेल. दगडापाशी आलास की मी दिसेन.

४. तू दगडापाशी आलास की मी देवाला नमस्कार करीन, तुझ्या नावाने. तुझी आई तुझ्या वडिलांच्या नावाने पैसा टाकते आणि ते देवाला चालते, असे तुझ्याच ओटीवर मला सांगितले गेले. मी देव मानते की नाही हा प्रश्न इथे येत नाही. नमस्कार तुझा, हात माझा.

५. तुला देवळाकडे बघायची गरज पडणार नाही. माझा हात वर गेलेला दिसला की तुझे काम झाले असे धर आणि वळणाकडे बघ.

६. परवा, बुधवारच्या सरावाला मी रजा टाकून तिथे उभी राहीन. त्या दिवशी तुझा दंड ताठ झाला किंवा हात सुटला, तर रविवारी उतरू नको. मीच परेशभाईंना पूर्ण कारण लिहून देईन. दत्ताला हे सगळे सांगितले आहे. तो म्हणाला, माझ्या वाटचाही कर. करीन, पण तुझ्यानंतर.

७. ही सोय सोळा तारखेपुरती आहे. पुढे त्या घाटातून तू जाशील तेव्हा काय करायचे ते पुढे ठरवता येईल. मला अडचण नाही.

देवाला हे चालेल का, ते आईला विचार. तुला चालेल का, ते तू सांग. बुधवारी मी देवळापाशी आणि तू सायकलवर, बोलता येणार नाही. त्या दिवशी काय झाले ते बघ आणि मग ठरव. रविवारसाठी हो किंवा नाही, एवढेच, गुरुवार, १३ फेब्रुवारी, सकाळी सातपर्यंत दुकानात येऊन कळव. अण्णांजवळ निरोप ठेवू नको. मी असेन.

प्रमिला